पोरांची पडकई

साधना केंगलेला उंबरवाडीत कुणी मॅडम म्हणत नाही. चुकून कुणी म्हटलंच तर तिचं उत्तर ठरलेलं. "मॅडम मंचरच्या हापिसात बसत्यात, पंख्याखाली. मी साधना. काय काम हाय ते बोला." अशी फटकळ बाई. फटकळ बाईला पोरं भितात असं आपण समजतो, पण ते काही खरं नाही. सकाळी ती एकेका दारावरून ओरडत निघते, "आरं, उठलास का न्हाई? सूर्य चहा पिऊन कामाला बी लागला!" आणि तिच्यामागं पोरांचं शेपूट वाढत वाढत शाळेच्या ओट्यापर्यंत जातं. बोलवावं लागत नाही, मारावं तर मुळीच लागत नाही.

घोडेगाव सोडून, डिंभ्याचं पाणी वळसा घालून एसटी आहुप्याच्या चढाला लागली की आहुपं यायच्या जरा आधी उंबरवाडी येते. देवराई बघायला निघालेली पुण्याची माणसं खिडकीतून एकदा बघतात आणि पुढं जातात. त्यांचं चुकत नाही. बघण्यासारखं तिथं आहे काय? भाताची खाचरं, थोडी घरं, हिरड्याची झाडं आणि जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा. गुरुजी भला माणूस, पण चार इयत्ता आणि एकटा जीव. एका वर्गाला बेरीज शिकवावी तर दुसरा वर्ग खिडकीतून बाहेर. म्हणून मंचरच्या एका संस्थेनं वाडीतलीच बारावी झालेली सून हाताशी धरली आणि मागं पडलेली पोरं तिच्या ओट्यावर बसवली. साधनानं खडे घेतले, हिरड्याच्या बिया घेतल्या, भाताच्या पेंढ्या मोजायला लावल्या. दीड वर्षात अशी गत झाली की पोरं एसटीची पाटी वाचून कंडक्टरला सांगायला लागली, "भाऊ, तुमची पाटी उलटी लागलीय."

पण हे सगळं दिवाळीपर्यंत.

दिवाळी झाली, भात झोडून कणगीत पडलं की उंबरवाडी रिकामी होते. खाली लोणीच्या अंगाला कांद्याची लागण सुरू होते. शेतकऱ्याची पिकअप वर येते, टोळी भरते आणि थेट शिमग्यालाच परत आणून सोडते. आईबाप गेले की पोरं कुठं राहणार? तीही जातात. रानातल्या पत्र्याच्या खोलीत राहायचं, दिवसभर रोपाच्या जुड्या वाहायच्या, धाकटं भावंड सांभाळायचं. शिमग्याला ओट्यावर परत बसतात तेव्हा साधनाला वाटतं, आपण आत्तापर्यंत पाण्यावरच लिहीत होतो की काय. मागल्या साली तर चौथीतला एक पोरगा परत आलाच नाही. तिकडंच ट्रॅक्टरवर चढला आणि शाळेला मुकला.

त्याच साली संस्थेचे ऋषी सर अचानक वर आले, तर ओट्यावर साधना एकटीच तांदूळ निवडत बसलेली. सरांनी मान खाली घातली. संस्थेचा नियम होता, सलग दोन साल दिवाळीनंतर जो वर्ग रिकामा राहील तो दुसऱ्या वाडीला द्यायचा. नियम वाईट नव्हता. ओटा आणि बाई मागणाऱ्या वाड्या रांगेत उभ्या होत्या. पण याचा अर्थ एवढाच की या दिवाळीला पोरं थांबली नाहीत तर उंबरवाडीचा वर्ग गेला.

"जाऊन जाऊन जाईल कुठं?" साधना म्हणाली. "मी हाय ना."

हा ऋषी पोरगा मोठा चांगला. पुण्यात समाजकार्याचं शिकून आलेला, तळमळीचा. फक्त त्याला वाटायचं की चांगली गोष्ट चांगल्या शब्दांत सांगितली की लोक ऐकतात. भात कापणीच्या दिवसांत तो हसत हसत वर आला आणि ओट्यावर सगळ्यांना बसवून म्हणाला, "तुम्ही निर्धास्त कामाला जा. मुलं इथंच राहतील. संस्था स्वयंपाकीण ठेवेल, धान्य देईल, अंथरुणं देईल. तुम्हाला काहीच करायचं नाही. सगळं मोफत!"

माणसांनी माना डोलावल्या. "व्हय व्हय. लई चांगलं." बायांनी पदर सारखे केले. जानकू केंगले, वाडीतला जुना जाणता, मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "सरकार करत न्हाई ते तुमी करताय, पावणं."

ऋषीचा चेहरा फुलला. साधनाचा पडला. उंबरवाडीचं 'व्हय व्हय' तिला पक्कं ठाऊक होतं. जिथं खरंच व्हायचं असतं तिथं ही माणसं आधी भांडतात.

झालंही तसंच. दुसऱ्या दिवसापासून एकाही घरानं पोराचं नाव दिलं नाही. साधना विचारायला गेली की कुणी गोठ्यात, कुणी ओढ्यावर. शेवटी तिनं चुलत सासूला, बायडाबाईला, खाचरातच गाठलं.

"आत्या, खरं सांगा. काय बिघडलंय?"

बायडाबाईनं विळा खाली ठेवला नाही. कापता कापताच म्हणाली, "साधे, फुकट कोन देतं गं? आज जेवू घालतील. उद्या म्हनतील, आमी पोसली तुमची पोरं. मंग त्येंच्यासमोर मान वर कशी करायची? आन् फेडायचं काय? आमच्याकडं हाय काय फेडायला?"

"फेडायचं न्हाईच, आत्या. ते देतात."

"तेच तर! जे फेडता येत न्हाई ते घेऊ नये. तुझ्या सासूनं शिकवलं न्हाई व्हय?"

साधना टेकाडावर गेली, कारण वाडीत रेंज फक्त तिथंच येते, आणि तिनं ऋषीला फोन लावला. तो बिचारा वैतागला. "फुकट देतोय तरी नको म्हणतात? अशानं कसं होणार, साधनाताई?"

मग मात्र तिचं डोकं सरकलं. "सर, एक इचारते, राग नका धरू. लोणीला भगवंतभाऊंच्या रानात कांदा लावायला कोन जातं?"

भगवंतभाऊ म्हणजे ऋषीचे वडील. उंबरवाडीची निम्मी टोळी वर्षानुवर्षं त्यांच्याच रानात उतरायची.

"माझ्या वर्गातली पोरं तुमच्याच बांधावर रोपं वाहत्यात," साधना म्हणाली. "इथं येऊन मोफत म्हनायच्या आधी तिकडं काय ते बोला."

फोन ठेवल्यावर तिला जरा वाईट वाटलं. पोरगा मनानं वाईट नव्हता. पण बोललेलं खोटंही नव्हतं.

टेकाडावरून उतरताना तिला जानकूचा आवाज ऐकू आला. म्हातारा बांधावर उभा राहून एका तरण्याला सोलत होता. "उन्हाळ्यात मी तुझ्या खाचरावर दोन दिस राबलो. तू माझ्यावर एकच दिस आलास. एक दिसाची पडकई अंगावर ठिवून दिवाळी करतोस व्हय रं? लाज न्हाई वाटत?"

पडकई ही या डोंगराची जुनी रीत. उतार खणून खाचर करायचं तर एका घराचं काम नाही. मग आज सगळी वाडी तुझ्या रानात, उद्या सगळी वाडी माझ्या रानात. मजुरी कुणी देत नाही, कुणी घेत नाही. दिवसाला दिवस फेडायचा. ज्याच्या रानात काम त्यानं भाकरी घालायची. हिशोब कुठं लिहिलेला नसतो आणि कुणी विसरत नाही. पडकई बुडवली तर त्या माणसाच्या हातचं पाणीसुद्धा लोक नाखुशीनं पितात.

साधना जागीच थबकली. अगं बाई! हे तर डोळ्यासमोरच पडलं होतं.

"जानकूबाबा," तिनं बांधावरूनच हाक मारली, "खाचराची पडकई व्हती, मंग पोरांची का नगं?"

"काय बरळतीस?"

"बरळत न्हाई. दर आठवड्याला एक घर मागं ठिवायचं. एकच मानूस. त्यानं समद्या वाडीची पोरं सांभाळायची, भाकरी घालायची, रातीला संगं निजायचं. बाकीच्यांनी खाली जाऊन काम करायचं. पुढल्या आठवड्याला दुसरं घर. दाणे ज्याचे त्याचे. कुनाचं फुकट न्हाई, कुनाचे उपकार न्हाईत. शिकवायला मी हायच."

जानकूनं तरण्याला सोडलं आणि वाडीची वाट धरली. त्याला पटलं होतं. संध्याकाळपर्यंत वाडीभर भांडणं सुरू झाली आणि साधनाचा जीव भांड्यात पडला. पहिली पाळी कुणाची? बाळंतिणीच्या घरानं काय करायचं? गडीमाणसांनी भाकऱ्या थापायच्या का? या शेवटच्या प्रश्नावर गडी खो खो हसले तेव्हा साधनानं कमरेवर हात ठेवले. "खाचराच्या पडकईत बाया कुदळ मारत्यात, तवा कुनी हसतं का?" हसणं थांबलं. पहिली पाळी बायडाबाईनं मागून घेतली. दुसरी जानकूच्या घरावर आली, आणि त्या घरात मोकळं माणूस म्हणजे तो स्वतःच. बायको कधीच वारलेली, मुलगा-सून लागणीची जोडी. म्हातारा आपल्याच नियमात अडकला.

इकडं ऋषीनं आपल्या घरी काय बोलायचं ते बोलून घेतलं होतं. भगवंतभाऊ आधी तापले, मग थंड झाले. रानात पोरं नसली तर बायांचे हात चांगले चालतात, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. ते म्हणाले, "दर शनवारी पिकअप वर धाडीन. एक मानूस सोडायचं, एक आनायचं. आनखी काय?" संस्थेनं स्वयंपाकिणीचा हट्ट सोडला आणि त्याऐवजी ओट्याला पत्र्याची भिंत, सौरदिवे आणि औषधाची पेटी दिली. ऋषी स्वतः पत्रे ठोकायला आला. या खेपेला तो 'मोफत' म्हणाला नाही.

सगळं जुळलं. आणि मग दिवाळीच्या फराळाला जानकू साधनाच्या दारात येऊन बसला, लाडू हातात घेतला, खाल्ला नाही.

"साधे, पडकईत ज्याचं रान न्हाई त्याला पाळी लावायचा हक न्हाई. खरं का न्हाई?"

"खरं."

"मंग तुझं पोर कुठंय?"

तिचं पोर, समर्थ, अंगणात फुलबाजी फिरवत होतं. पण ते सुट्टीपुरतं. एरवी तो घोडेगावात साधनाच्या बहिणीकडं राहायचा आणि तिथल्या इंग्रजी शाळेत पहिलीत जायचा. बूट, टाय, पिवळी गाडी. शाळा चांगली होती, पोर खुशीत होतं. साधनाचा नवरा रामदास घोडेगावातच गवंडीकाम करायचा, त्यामुळं पोर बापाच्या डोळ्यासमोरही होतं. कुणाचं काय चुकलं होतं?

"आमची पोरं तुझ्या ओट्यावर," जानकू म्हणाला, "आन् तुझं पोर गाडीतनं साळंत. लोका सांगे ब्रह्मज्ञान. मी वंगाळ बोलत न्हाई पोरी. पर वाडी हेच बोलतीय." लाडू त्यानं ताटलीत परत ठेवला आणि उठून गेला.

त्या दिवशी साधना चिडली. दुसऱ्या दिवशी जास्तच चिडली. मी दिवसभर यांच्या पोरांची नाकं पुसते, आणि यांनी माझ्या पोरावर डोळा ठेवावा? आपलं लेकरू चांगल्या शाळेत घालायला काय बंदी आहे? अशी दोन दिवस ती भांडी आपटत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं रामदासजवळ समर्थला ओट्यावर बसवायचा विषय काढला.

"येडी झालीस का?" तो म्हणाला. "आपलं एक पोर तरी शिकू दे की!"

"मंग मी हितं काय करतीय?" साधना म्हणाली.

तिनं ते सहज म्हटलं होतं, पण प्रश्न सरळच होता. ओट्यावर जे चालतं ते शिकणं असेल तर समर्थला का चालू नये? आणि समर्थला चालत नसेल तर ते दुसऱ्यांच्या पोरांना कोणत्या तोंडानं द्यायचं? रामदासला ते पटलं नाही. "सोमवारी साळा उघडतीय. सकाळच्या एसटीनं मी त्याला घिऊन जानार," एवढंच म्हणून तो झोपायला गेला.

सोमवारी सकाळी शाळेसमोरच्या रस्त्यावर पिकअप उभी राहिली आणि तिच्यामागं, वर जाऊन परतलेली आहुप्याची एसटी. अख्खी वाडी तिथं जमलेली. गाठोडी चढली, तवे-पातेली चढली. पोरं ओट्यावर रांगेनं बसलेली, ठरल्याप्रमाणं. बायडाबाईनं चूल पेटवलेली, ठरल्याप्रमाणं. आणि ऐन वेळेला जानकूच्या सुनेला राहवलं नाही. तिनं पिकअपमधून हात लांब केला, "ये गं श्रेया," आणि श्रेया पळत जाऊन आईच्या कुशीत शिरली. झालं! एक उठलं की दुसरं उठतं. बघता बघता निम्मा ओटा रिकामा झाला. चार आया खाली बघत होत्या, चार आया एसटीकडं बघत होत्या.

एसटीच्या दारात रामदास उभा होता, खांद्याला समर्थची बॅग. समर्थ आईचा हात धरून रस्त्यात, अंगात शाळेचा गणवेश, पायात पॉलिश केलेले बूट.

साधना तशी मोठी खंबीर बाई, पण त्या क्षणी तिला खरंच भीती वाटली. आपण पोराचं नुकसान करतोय का? उद्या हा मोठा होऊन विचारील, आई, मलाच शाळेतनं का काढलंस? ड्रायव्हरनं हॉर्न दिला. रामदास म्हणाला, "चल रं."

साधना एसटीच्या बाजूनं तशीच पुढं चालत गेली. पोराचा हात तिनं सोडला नाही. ओट्याच्या पायऱ्या चढली, समर्थला पहिल्या रांगेत बसवलं आणि म्हणाली, "बूट काढ. हितं समदी अनवानी बसत्यात."

एसटीचा ड्रायव्हरसुद्धा हॉर्न द्यायचा विसरला. रामदासनं नवऱ्यासारखा राग केला असता तरी चाललं असतं, पण तो माणूस ओट्यापर्यंत आला, बॅग पोराच्या शेजारी ठेवली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मान खाली घालून एसटीत जाऊन बसला. साधनाला त्याचं लई वाईट वाटलं. पुढं महिनाभर तो तिच्याशी तुटकच बोलला.

पिकअपमध्ये जानकू सुनेला म्हणाला, "पोरीला उतरव."

"मामा, पर..."

"उतरव म्हनलं ना! साधनाचं रान बी पडकईत आलंय आता."

श्रेया उतरली. मग एकेक करून बाकीची उतरली, काही रडत, काही रडणाऱ्यांना हसत. पिकअप वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ओटा पुन्हा भरला होता.

साधनानं डोळे पुसले नाहीत. पुसले असते तर सगळ्या पोरांनी भोकाड पसरलं असतं. तिनं हजेरी घ्यायला सुरुवात केली. नाव घेतलं की पोर "हजर, ताई" म्हणायचं. सर्वांत शेवटी नवं नाव आलं.

"समर्थ रामदास केंगले."

"आई, मी हाय ना इथंच!"

पोरं फिदीफिदी हसली. साधना डोळे वटारून म्हणाली, "घरी आई. हितं ताई म्हनायचं."

तेव्हा श्रेयानं हात वर केला. तिचे गाल अजून ओले होते. "ताई, मंग आमी रातीला आई कुनाला म्हनायचं?"

साधनानं हजेरीची वही मिटली. ओट्यावरची सगळी पोरं तिच्याकडं बघत होती. चुलीपाशी बायडाबाईचा भाकरी थापता हात थांबला.

"ज्याची पाळी आसंल त्याला," साधना शेवटी म्हणाली. "या आठवड्याला बायडाआजीला."

"मला म्हना की, सोन्यांनो!" बायडाबाई तिथूनच ओरडली.

"आन् फुडल्या आठवड्याला?" श्रेयानं विचारलं.

पुढला आठवडा जानकूचा. मिशीवाला, खेकसणारा, काठीवाला जानकू. पोरांनी एकमेकांकडं बघितलं आणि असा काही हशा फुटला की खोलीतून गुरुजी धावत बाहेर आले. समर्थ तर हसून हसून शेजारच्या पोराच्या अंगावर पडला.

आठवडा सरला. शनिवारी दुपारी पिकअप चढ चढून आली. बायडाबाई गाठोडं घेऊन तयार होती. मागच्या फळकुटावरून जानकू काठी टेकत, कण्हत, लोणीच्या मातीनं मळलेल्या धोतरानिशी खाली उतरला. पोरांनी दबा धरलेलाच होता.

"आई आली! आई आली!" सगळा ओटा एका सुरात ओरडला.

साधनानं जीभ चावली. आता म्हातारा काठी उगारणार, सगळी पडकई इथंच मोडणार. ड्रायव्हर दात काढत होता. जानकूनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा पोरांकडं. श्रेया सर्वांत पुढं उभी होती.

म्हाताऱ्यानं काठी भिंतीला टेकवली, बाह्या सारल्या आणि चुलीकडं जाता जाता म्हणाला, "व्हय, आली. भाकरी खाल्ली का रं कुनी?"